उतार फुकटचो

बाबा गाडी उतारावर बंद करतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते आवाज थांबल्यामुळे. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी आले होते आणि घरात नव्याने आलेली सेकंडहँड व्हॅन मी तेव्हाच पहिल्यांदा पाहत होते. सडा, म्हणजे वरचा कातळाचा माळ, संपून रस्ता खाली वळतो तिथे बाबाने किल्ली अर्धी फिरवली आणि इंजिन गप्प झालं. मागच्या माशांच्या क्रेटमधला बर्फ खुळखुळत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं, गाडी बिघडली.

"काय झाला, बाबा?"

"काय नाय. उतार इलो."

"मगे बंद कित्याक केलंस?"

"उतार फुकटचो आसता गो," तो म्हणाला. "चढावाचे पैशे दिलंव मां? मगे उतार आमचो."

आई पुढे त्याच्या शेजारी बसली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तिचं सगळं बोलून झालं असावं.

बाबाचं आयुष्य दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून गेलं. विजयदुर्गाच्या खाडीत सुकती लागली की पाणी आपणहून समुद्राकडे ओढतं. अशा वेळी इंजिन बंद करायचं, सुकाणू धरून बसायचं आणि होडी पाण्यावर सोडून द्यायची. मालकाचं डिझेल वाचायचं आणि मालक चारचौघांत म्हणायचा, ह्याच्यासारखो माणूस नाय. ही शाबासकी बाबाला फार वर्षं पुरली. पुढे मालकांनी बाहेरून खलाशी आणायला सुरुवात केली, बाबाच्या गुडघ्यांनीही साथ सोडली, आणि केस पिकल्यावर तो गाडी चालवायला शिकला. पण गाडी त्याने होडीसारखीच चालवली. उतार म्हणजे त्याला सुकतीच वाटते. आजही तो 'गाडी उतारावर घातली' म्हणत नाही, 'सोडली' म्हणतो.

गाडी घेतली ती आईसाठी. ती मासे विकते. आमच्या गावातले बंदरावरचे मासे बंदरावरच विकायचे तर भाव मिळत नाही, म्हणून ती वैभववाडीच्या बाजारात बसते. तिथे समुद्र नाही, पण खाणारी माणसं पुष्कळ आहेत. आधी ती एसटीने जायची. मग एकेक कंडक्टर कुरकुर करायला लागला, "मावशी, माशांची पाटी नको, लोक ओरडतात." कधी चढू द्यायचे, कधी नाही. जीपवाले डबल भाडं मागायचे. शेवटी तिने गळ्यातलं मोडलं आणि ही व्हॅन आली.

वैभववाडीत तिचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं, एक खानावळवाला. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे ताटं दुप्पट उठतात. सुरमई, बांगडे, सुंगटं, जे काय आईने नेलं असेल त्यातलं निम्म्याहून जास्त तो एकटा घ्यायचा आणि घासाघीस करायचा नाही. बाकीचं मग ती बाजारात बसून किरकोळ विकायची. तो होता म्हणून धंदा होता. तो नसता तर गाडीचा खर्चसुद्धा निघाला नसता, हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं बाबालाही ठाऊक होतं. पण मासे चुलीवर वेळेत पोचले पाहिजेत, एवढी एकच खानावळवाल्याची अट होती.

मी कॉलेजात जाणारी आमच्या घरातली पहिली. विषय भौतिकशास्त्र. त्यामुळे त्या दिवाळीत मला वाटलं की इंधनाच्या बाबतीत तरी माझा घरात उपयोग होईल. मी भीत भीतच सुरुवात केली. टायरमध्ये हवा कमी होती, ती भरून आणूया म्हटलं. बाबा म्हणाला, चिऱ्याच्या रस्त्यावर मऊ टायर बरे. गाडीत मागे दोन जुनी जाळी, दोरखंडाचं एक मोठं वेटोळं आणि एक गंजका नांगर कायम पडलेला असायचा. हे वजन उतरवलं तर पेट्रोल कमी लागेल, असं मी म्हटलं.

"वजन कमी झाला तर उतारार गाडी धावतली कशी?" त्याने विचारलं.

मला उत्तर येत होतं, पण ते ज्या शब्दांत येत होतं ते शब्द आमच्या घरात कुणी कधी वापरले नव्हते. मी ते मालवणीत सांगायला गेले की मलाच खोटे वाटायचे. एकदा मी सांगितलं की इंजिन बंद केलं की ब्रेक घट्ट होतो, कारण ब्रेकला जोर इंजिनाकडूनच मिळतो. तो हसला.

"होडयेक खंय ब्रेक आसता? तरी आमी धक्क्यार लागतंव मां?"

"अवो, तुमी होडयेत नाय, गाडयेत बसलास," आई म्हणाली.

"हिका कॉलेजात गाडी शिकयतत काय?" तो आईला म्हणाला. मी समोर होते, तरी प्रश्न आईला.

त्यानंतर गॅस आला. वाडीतल्या रिक्षावाल्यांनी एकामागून एक गॅस किट बसवलं, आणि पेट्रोलपेक्षा गॅस किती स्वस्त पडतो ह्याच्या गजाली पारावर सुरू झाल्या. बाबा रोज ऐकून यायचा. शेवटी त्याने किट बसवून घेतलं. सिलिंडर बसवला व्हॅनच्या मागच्या भागात, जिथे आईचे दोन क्रेट राहायचे. "माश्यांच्या जाग्यार बाटलो ठेवलो," आई जो भेटेल त्याला सांगायची. जाळी, दोरखंड आणि नांगर मात्र आपल्या जागी राहिले. क्रेट वर आले, माझ्या मांडीपर्यंत.

अशी गाडी गॅसवर चालते खरी, पण चालू होते ती पेट्रोलवर. इंजिन थोडं गरम झालं की मग आपोआप गॅसवर जाते. त्यासाठी टाकीत थोडं पेट्रोल लागतं. बाबा ते समईत तेल घालावं तसं घालायचा, संपेल असं वाटलं की थोडं. टाकीचा काटा केव्हाच मेलेला होता, त्यामुळे 'वाटणं' हाच हिशेब.

आणि गॅसचा पंप आमच्या टापूत जवळ कुठे नाही. महामार्गावर एक आहे, नुसता गॅसचा. तिथे गॅस टँकरने येतो, आणि टँकर त्याला हवं तेव्हा येतो. म्हणून सकाळी उठल्यावर आमच्याकडे माणसं आधी मोबाइल उघडतात आणि रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर एकच शब्द टाकतात: 'प्रेशर?' कुणी अंगठा टाकला तर प्रेशर आहे, म्हणजे गॅस भरण्याइतका दाब पंपावर आहे. कुणी रडका चेहरा टाकला तर नाही. बाबाला लिहिता येत नाही फारसं, पण हा एक शब्द तो बोटाने टाकायला शिकला. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला नुसता वैताग यायचा.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो डिसेंबरमधला बाजाराचा दिवस. मी परीक्षेच्या अभ्यासाला घरी आले होते. आदल्या बाजाराला आम्हाला उशीर झाला होता, आणि खानावळवाला आईला म्हणाला होता, "मावशी, देवगडचा एक टेम्पोवाला दारात आणून देतो म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या बाजाराला वेळेत या." आईने हे घरी आल्यावर एकदाच सांगितलं. त्या सकाळी ती अंधारातच बंदरावर जाऊन लिलावात उभी राहिली आणि चांगली सुरमई उचलून आणली. मला म्हणाली, "तू चल गो वांगडा. उतरवूक हात लागतलो."

ग्रुपवर अंगठा होता. बाबा खूश होता. वाटेत गॅस भरून पुढे जाऊ, असं त्याने ठरवलं. "अवो, आज नको," आई म्हणाली. "आज पेट्रोल घाला नि सरळ चला."

"पेट्रोल घालूचा तर मगे किट कित्याक बसयला?"

किट बसवल्यापासून हे वाक्य आमच्या घरात सगळ्यावर चालतं.

सड्यावरून खाली येताना त्याने गाडी सोडली. पुढच्या चढाला चालू केली. माथ्यावर पुन्हा बंद. आमच्याकडचा रस्ता म्हणजे नुसता चढ आणि उतार, सपाटी नावालाच. किती वेळा किल्ली फिरली ते मी मोजलं नाही. एका वळणावर समोरून एसटी आली, रस्त्याच्या मधोमध. बाबाने ब्रेक दाबला. तो दाबला जाईना. दोन्ही पाय लावून, सीटवरून अर्धवट उठून त्याने दाबला, तेव्हा गाडी कडेच्या मातीत घसरत जाऊन थांबली. सुरमईचा वरचा क्रेट माझ्या अंगावर आला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडून गेला.

मग बाबा म्हणाला, "रस्तो काय तेच्या बापाशीचो?"

मला इतका राग आला होता की मला रडू येत होतं. मी सांगितलं होतं. मी अगदी हेच सांगितलं होतं. पण तेव्हा ते बोलले असते तर आपण जिंकलो म्हणून बोलते असं वाटलं असतं, आणि मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त त्याने ऐकायला हवं होतं. मी ओल्या ओढणीनिशीच क्रेट सरळ केला आणि बर्फ भरला.

पंपावर रांग होती. रांग म्हणजे रिक्षा, व्हॅन, टेम्पो, पर्यटकांच्या दोन गाड्या, सगळ्या पंपाच्या फाटकातून बाहेर महामार्गापर्यंत आलेल्या. रांगेत कुणीही इंजिन चालू ठेवत नाही. पुढची गाडी सरकली की माणूस उतरतो, दार धरून आपली गाडी ढकलतो आणि परत आत बसतो. आम्हीही ढकलत होतो. म्हणजे बाबा स्टिअरिंगला, मी मागे, आणि आई क्रेटवर ओलं गोणपाट टाकून खाली उभी.

पुढे एक रिक्षावाला होता, ओळखीतला नव्हे, पण आमच्याच बाजूचा. त्याने वास घेतला.

"काकी, सुरमय कशी दिलास?"

"तुका न्हय ती."

"मगे कोणाक? हय विकूक बसलास तर संध्याकाळपर्यंत सगळा जातला. प्रेशर येयत तवसर माश्याक पाय फुटतले."

"तुझ्या तोंडार शिरा पडो," आई म्हणाली, पण हसून. मग हसू गेलं आणि ती रस्त्याकडे बघत राहिली. वैभववाडीची एसटी आली आणि गेली. आईने हात केला नाही. करून उपयोगही नव्हता.

प्रेशर होतं, पण कमी. एकेका गाडीला वेळ लागत होता. मी बाबाला दोनदा म्हटलं, आपण निघूया, वाटेत पेट्रोल घालूया. पहिल्यांदा तो म्हणाला, "आता इतको वेळ रवलंव, आता सोडूचा?" दुसऱ्यांदा म्हणाला, "आता पाचच गाडये पुढे आसत." दोन्ही वेळा त्याचं म्हणणं मला पटलं, हे मला अजून समजत नाही. रांगेत उभं राहिलेल्या माणसाला रांग सोडणं नुकसान वाटतं, आणि त्या वेळी मलाही तसंच वाटलं. आईला मात्र नाही. ती म्हणाली, "तुमका गॅसच विकूक व्हयो होतो बाजारात."

आमची पाळी आली. नियमाप्रमाणे बाबाही खाली उतरला. गॅस भरला. बाबाचा चेहरा फुलला होता. "फुल्ल झालो!" तो मला म्हणाला, जसं काही मोठी मासळी लागली.

मग त्याने किल्ली फिरवली. खर्र, खर्र, खर्र. पुन्हा. खर्र, खर्र. मागून हॉर्न वाजायला लागले. पंपावरचा माणूस ओरडला, "बाजूक घेया, बाजूक!" आम्ही आमची भरलेली गाडी ढकलत बाजूला नेली.

बाबाने बॉनेट उघडलं, वायरी हलवून बघितल्या. मी तिथे उभी होते आणि मला एकदम कळलं. चालू होते पेट्रोलवर. प्रत्येक उतारावर बंद केली की पायथ्याशी पुन्हा चालू, म्हणजे पुन्हा पेट्रोल. प्रत्येक वेळी थोडं थोडं. फुकटच्या उतारांनीच टाकी कोरडी केली होती.

मी हळूच म्हटलं, "बाबा, पेट्रोल संपला आसतला."

"संपूक कित्याक? गाडी गॅसार चलता."

"चलता गॅसार. चालू होता पेट्रोलार. तू उतारार बंद केलंस, मगे परत चालू केलंस, तेका दरवेळी पेट्रोल लागला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ऐकलं. मग तो म्हणाला, "गॅसवाल्यांनी तसा सांगूक नाय," आणि बाटली घेऊन एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून पेट्रोल आणायला गेला. सुरमईवर ऊन आलं होतं. आई आणि मी गोणपाट धरून उभ्या राहिलो.

"खरा तां?" आईने विचारलं. "उतारान पेट्रोल खाल्ला?"

"खरा."

तिने गोणपाटाचं टोक सुरमईवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "माका पण ब्रेकाचा खरा वाटला नाय होता. तू सांगलंस तेवा."

आम्ही वैभववाडीत पोचलो तेव्हा खानावळीत पंगत बसली होती. मागच्या दाराशी देवगडचा टेम्पो उभा होता आणि त्याचे रिकामे क्रेट धुऊन पालथे घातले होते. खानावळवाला हात पुसत बाहेर आला, तेव्हा आईने त्याला गॅसच्या रांगेचं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, मासे तुमचेच चांगले," तो म्हणाला. "पण लोक घड्याळ बघून जेवायला येतात. मी त्यांना काय सांगू, मावशी रांगेत आहे?"

"ह्या येळाक घेया," आई म्हणाली. "पुढच्या बाजाराक वेळेत येतंय."

"आज नाही. पुढच्या वेळी लवकर आलात तर बघू. बघू म्हणतो, हो म्हणत नाही."

उरलेल्या दिवसात आईने ती सुरमई बाजारात तुकडे करून विकली. दुपारनंतर भाव पडतो. येईल त्याला ती देत गेली. बाबा व्हॅनमध्ये बसून होता. परत येताना पहिल्याच उतारावर त्याने किल्ली फिरवली. मी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी सगळ्याचा कंटाळा आला होता, शिकण्याचासुद्धा. खरं काय ते माहीत असून गाडी थांबवता येत नसेल, तर ते माहीत असून काय करायचं, असं वाटत होतं.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा गेले. अभ्यास राहिला होता, तरी गेले. निघण्याआधी आई स्वतः बाबाला घेऊन पेट्रोल पंपावर गेली आणि आपल्या कनवटीचे पैसे काढून दिले. ग्रुपवर अंगठा होता की रडका चेहरा, हे कुणी पाहिलं नाही. तिने बाबाला पाहू दिलं नाही.

सड्याच्या टोकाला बाबाचा हात किल्लीकडे गेला. आईने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला.

"आज नाय," ती म्हणाली.

"जळता बघ," तो म्हणाला. "उतारार जळता. फुकट जळता."

"जळांदे."

सबंध उतारभर तो इंजिनाचा आवाज असा ऐकत होता, जणू कुणी त्याच्या डोळ्यांदेखत खिशातून काढून नेत आहे. मला त्याची दया आली, आणि लगेच रागही आला, कारण गाडी गिअरमध्ये होती, ब्रेक लागत होता आणि वळणावर समोर ट्रक आला तेव्हा ती जिथे थांबवायची तिथे थांबली. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यानेही नाही.

आम्ही इतके लवकर पोचलो की खानावळीच्या चुली नुकत्या पेटत होत्या. आई क्रेट घेऊन मागच्या दाराने आत गेली, मी तिच्यामागे. खानावळवाल्याने मासे उलटेपालटे करून पाहिले. कल्ले उघडून पाहिले. मग म्हणाला, "मावशी, टेम्पोवाल्याला मी शब्द दिलाय. त्याला एकदम काढता येणार नाही. निम्मे तुमचे घेतो, निम्मे त्याचे. दर बाजाराला. पण वेळेत."

आईला घासाघीस करायची होती, हे मी तिच्या तोंडावर पाहिलं. पण तिने केली नाही. "निम्मे तर निम्मे," ती म्हणाली, आणि सुरमई तराजूत घालायला लागली.

मला बाबाला सांगायला पाठवलं. तो व्हॅनला टेकून उभा होता, बॉनेटवर हात ठेवून, ते किती तापलंय ते बघत असल्यासारखा. मी सांगितलं: घेतो म्हणाला. पण निम्मे. आता दर बाजाराला निम्मेच.

त्याने बॉनेटवरचा हात काढून घेतला. त्याला वाईट वाटलं असावं असं मला वाटलं. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"निम्मे," तो म्हणाला. मग मान हलवून, अगदी विचार करून म्हणाला, "तर मगे पेट्रोल पण निम्माच घालूया."